माहीत नाही

सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते लोकमान्यनगरात.
पहिल्या नंबराचं आमचं इंदूर.
तुझी बोटं अजून सोललेली,
नव्वद दिवस तिकडे राहून आलीस तरी
पेरांवर बारीक लाल रेघा.

मॅडम म्हणाल्या होत्या, धीर देऊ नका.
तिने विचारलं तर खात्री देऊ नका.
मी लिहून घेतलं, वाण्याच्या यादीखालीच,
तूरडाळ दोन किलो, मग हे.

"बाबा, माझा हात डस्टबिनला लागला का?"
तीन वर्षं मी "नाही गं" म्हणत आलो,
दिवसातून चाळीसदा, रात्री बाथरूमच्या दाराबाहेरून.
तेवढीच माया जमत होती मला.

आज पोह्यांवर जीरावन भुरभुरताना
पुन्हा विचारलंस.
मी म्हणालो, माहीत नाही, ऋजुता.

चमचा थांबला.
तुझी नजर बेसिनकडे गेली, परत आली,
पुन्हा गेली.
खाली गाडीवाला ओला-सुका वेगळा करायला ओरडत होता.
अकरा मिनिटं.
पोहे गार.

मग तू ताटलीतली शेव उचललीस,
हातानेच.

मी उठलो. गॅस बंद आहे ना,
तिसऱ्यांदा बघायला.
"बस रे बाबा," तू म्हणालीस.