पावशेर काळीज

मिरजेत, रविवारी सकाळी
आई डबा देऊन पाठवायची: पावशेर काळीज आण,
ताजं बघून घे.
आणि मी ताप येऊन पडले की
माझ्या कपाळावर हात ठेवून तोच शब्द वापरायची.
यकृत मला उशिरा भेटलं,
अकरावीच्या पुस्तकात, परक्या पाहुण्यासारखं.

आता मॅडिसनमध्ये, चौथ्या मजल्यावर,
सदतीस अंशांच्या पेटीत
काळजाच्या पेशी आहेत, फ्लास्कच्या तळाला चिकटून.
मूळच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या.
पेशींना कुणी काही कळवलेलं नाही.
भूक लागली की त्या
गुलाबी पाणी पिवळं करून दाखवतात.

मी त्यांना पेरॉक्साइड देते.
खरचटलेला गुडघा धुवायचं औषध,
कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.
पेशीला मात्र तो गंज.
तासाभरात त्या आतून हिरव्या उजळतात.
इथे हिरवं म्हणजे नुकसान,
हे डोळ्यांना शिकवायला मला एक हिवाळा लागला;
चुड्याच्या, कैरीच्या सवयीचे डोळे.

दुसऱ्या रांगेत आधी जिनसेंगचा अर्क, मागाहून गंज.
अंधार. जवळजवळ अंधार.
पहिल्यांदा वाटलं, सूक्ष्मदर्शकाचा दिवाच गेला.

मूळ येतं वॉसाहून, उत्तरेला अडीच तास.
तिथे शेतांवर काळ्या जाळीचे मांडव,
खाली लग्न नाही, कार्य नाही,
फक्त सावली धरलेली, चार-चार वर्षं.
शेतकऱ्याचं नाव तू.
पंधराव्या वर्षी मेकाँग पोहून आलेला ह्मोंग माणूस;
हाक मारताना मी दर वेळी
पासष्टीच्या म्हाताऱ्याला एकेरीवर आणते.
त्याला पत्ता नाही. मला टोचतं.

ऑक्टोबरात तू म्हणाला
(व्याकरण चुकल्यासारखं वाटतं, चुकलेलं नाही)
हे बघ, दोन पाय, मान, एक हात तुटका.
मी विचारलं, याच वाफ्यात परत कधी लावणार?
कधीच नाही.
एकदा काढलं की या मातीत ते पुन्हा धरत नाही,
कुजतं.
का?
माहीत नाही. विद्यापीठवाल्यांना विचार.
मी बुटांची माती झटकत राहिले.

मग ट्रकच्या आडोशाला, सहज आठवल्यासारखं:
येर, माझी बायको. बी-ची कावीळ, जुनी.
तो लिव्हर म्हणाला.
मला काळीज ऐकू आलं.
रोज कोंबडीच्या सुपात एक मूळ घालतो,
आणि तुझ्या पेशी काय म्हणतात?

माझ्याकडे आलेख होता. तीनदा केलेला प्रयोग,
चोवीस तासांचा.
माझ्या पेशींना पोट नाही, रक्त नाही,
रात्री अंगभर सुटणारी खाज नाही,
सूप गार होईस्तोवर समोर बसणारं कुणी नाही.
मी म्हणाले, डॉक्टरांना सुपाचं सांगा.
गोळ्या सोडू नका.
इंग्रजीत म्हणाले, म्हणून
मान दिला की नाही ते कळायला जागा नव्हती.
त्यानं मान हलवली. पोतं ट्रकात टाकलं.
वर एक मूळ वेगळं, कागदात गुंडाळून:
हे तुला. प्रयोगाला नको.

आज रात्री पुन्हा मोजलं.
सात घरं काळोखी. आठवं हिरवं,
अर्क मिळूनही हिरवं.
पिपेटमध्ये बुडबुडा आला असेल.
हात हलला असेल.
गाळून टाकता येतं असं एखादं घर, सगळेच गाळतात.

मी वहीत लिहिलं:
आठवं घर उजळलं. कारण माहीत नाही.

त्याचं मूळ ओट्यावर आहे, हिंगाच्या डबीला टेकून.
सुपात घातलं नाही, वाटलंही नाही.
रोज थोडं आक्रसतं.
मान कलती करून.