कूलर बंद करून

ऐकायचं असेल तर आधी कूलर बंद.
हा आमच्या घरातला नियम,
पारा शेहेचाळीसला टेकला तरी.
मोटर थांबते, पाती अजून थोडी फिरतात,
ताट्यांतून पाणी ठिबकत राहतं
आणि मग सीडीचं झाकण. टक.

हे अजनीच्या लोको शेडमध्ये होते, एकतीस वर्षं.
इंजिनाच्या पोटात शिरणाऱ्या माणसाला
दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो
हे खूळ कुठून लागलं, जाऊ विचारते.
सांगते तिला : सदरमधलं एक दुकान बंद होत होतं,
कॅसेटी किलोवर काढल्या होत्या,
हे गेले होते लावण्या शोधायला.
हाती लागली ती चेकोस्लोव्हाकियाची.
देश आता नाही. कॅसेट आहे.

मग भाच्याने पुण्याहून सीड्या धाडल्या.
एकच रचना, सात रेकॉर्डिंगं.
प्रागच्या चौघांचं, लंडनच्या चौघांचं, आणखी कुठकुठल्या चौघांचं.
"सगळी सारखीच तर वाजून राहिली," मी म्हणायची.
"काऊन सारखी? तू वरण रोज सारखं करते का?"
यावर काय बोलणार.

मला आधी कळला तो फिनलंडवाला.
त्याच्यात एक संथ भाग आहे.
मध्येच चौघं मिळून तीनदा, अगदी हळू,
आजारी माणसाच्या खोलीचं दार वाजवावं तसे.
ह्यांचं बनियन पाठीला चिकटलेलं,
माझ्या पदराने मी मान पुसतेय,
आणि खोलीत कुणीतरी बर्फावरून चाललेलं.
बर्फ मला ठाऊक तो बर्डीवरच्या गोळ्याचा.
तरी पावलं ओळखू आली.

मग धंतोलीच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला.
रेघ डावीकडून नीट येते
आणि पुढे रामटेकच्या पायऱ्या चुकल्यासारखी खाली.
वरचे सूर गेले.
त्यांच्या जागी एक शिट्टी, बारीक, दिवसरात्र.
"शेडची देणगी," डॉक्टर म्हणाले.
"पेन्शनसोबत भेटली," हे म्हणाले.

तो चेकवाला पण बहिरा झाला होता म्हणे.
कानातली शिट्टी त्याने शेवटच्या भागात
होती तशी लिहून ठेवली.
सगळं लग्नघरासारखं नाचत असतं,
एकदम थांबतं.
खाली तिघं थरथरतात,
वर एकटं व्हायोलिन. एकच सूर. उंच.

आता ह्यांना कळत नाही
वाजतंय ते सीडीत की डोक्यात.
म्हणून मी.
पलंगाच्या कडेला बसते, सूर आला की बोट वर करते.
हे बोटाकडे बघतात,
ड्रायव्हरनं सिग्नलकडे बघावं तसे.
सातही रेकॉर्डिंगं मला पाठ झाली.
एकात सुराआधी कुणी श्वास घेतो,
एकात खुर्ची कुरकुरते,
कॅसेटीत सूर किंचित डुगडुगतो, ती चूक आमच्या टेपची.
हे वहीत लिहून घेतात.
"खुर्ची कोणाची?"
"चेलोवाल्याची असंल, जाडा असंल बिचारा."
तेही लिहितात.

काल रात्री दहालाही खिडकीचे गज तापलेले.
नाच चालू होता, शिट्टीला बराच अवकाश होता.
मी बोट वर केलं.

ह्यांनी पाहिलं. डोळे मिटले. उघडले.
"आज लवकर आली," म्हणाले.

रेकॉर्डिंगमध्ये काही लवकर येत नसतं
हे आम्हा दोघांनाही ठाऊक.
उठले, आणि कूलरचं बटन
त्यांनी स्वतःच दाबलं.

ओला वारा आला, वहीची पानं उडाली.
मोटरच्या घरघरीत चौघं वाजवत राहिले.
थोड्या वेळाने ती खरी शिट्टी आली असेल.
मला ऐकू आली नाही.