दोन बोटांचा जोर

रविवारी लक्ष्मीपुरीत मटणाला रांग असते.
मी वाशीमची, अंडंही न शिजणाऱ्या घरातली,
चार नळ्या मागते, अख्ख्या, न फोडलेल्या.
"पांढरा रस्सा व्हय?" खाटीक विचारतो.
भोकं पाडायचीत, मी सांगते.
तो सुरा थांबवून बघतो,
मग पाचवी नळी फुकट टाकतो पिशवीत.

हॉस्टेलच्या गच्चीवर, जुनं ड्रिल, अडीचचं पातं.
आधी कर्कश.
मग एकदम पोकळ, जिन्यात पायरी चुकावी तसं.
मग पुन्हा कर्कश, थोडं वरच्या पट्टीत,
आणि तिथून पुढे एक केसही नाही,
कारण पलीकडे कुणाची तरी नस असते.
गच्चीवर पलीकडे असतो कालचा पेपर.
उसाच्या दराच्या बातमीला मी नऊ भोकं पाडली.

हिरेमठ सर शिकवतात ते बहुतेक न बोलता.
पहिले तीन महिने ड्रिल दिलंच नाही.
हात धरायला दिला, पाय धरायला दिला,
शिशाच्या एप्रनखाली भिजत उभं राहायला दिलं.
रात्री बटर पेपरवर एक्स-रे गिरवायचा,
तुकडे कात्रीने कापायचे,
जुळवायचे, डिंकाने चिकटवायचे,
पट्टी कुठे, स्क्रू किती, सगळं लाल पेनने,
आणि सकाळी सर तो कागद उजेडाला धरून
एवढंच म्हणायचे: "बाक कुठाय?"

बाक म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत
अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं ते हलकं वळण.
तेवढं सरळ केलंत
तर जोड बसतो, फोटो देखणा येतो,
आणि तळहात पुन्हा आभाळाकडे वळत नाही.

द्वारका आवळे, बावन्न, सुभाषनगर.
चपलांच्या वेण्या घालते.
"मी गाडीवरनं पडलो बघा, डॉक्टर."
इथल्या बायका पडलो म्हणतात, आलो म्हणतात, रडलो म्हणतात.
पहिल्या आठवड्यात मी केसपेपरवर खाडाखोड करायचे.
हात पोटाशी, दोन्ही हाडं मधोमध,
आणि तिचा एकच प्रश्न:
"वादी पिळायला येईल न्हवं?"

त्या दिवशी सरांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे दिला.
बाक होता. सालही मी फार सोलली नव्हती,
हाडाला रक्त तिथूनच पोचतं.
पहिला स्क्रू. दुसरा.
तिसरा बसला होता, पक्का बसला होता,
आणि मी अजून पाव फेरा दिला,
कुणी सांगितलं नव्हतं, भीतीने दिला.
हातातलं वजन गेलं.
स्क्रू फिरत राहिला, आटे खाल्लेल्या नळासारखा.

मॉनिटर वाजत होता.
सर माझ्याकडे नाही, माझ्या मुठीकडे बघत होते.
"दोन बोटं," ते म्हणाले. "काढ."
कुसाळे सिस्टरांनी न मागता
जाड आट्यांचा स्क्रू पुढे केला.
याचा अर्थ त्यांनी हे आधी पाहिलं होतं.
किती वेळा, ते विचारायचं धाडस नव्हतं.

बाराव्या आठवड्यात ती ओपीडीत आली.
पालथा हात. उताणा हात.
पुन्हा पालथा.
मी कोन मोजत होते, ती माझ्या पायांकडे बघत होती.
"ह्यो अंगठा कुणी ओवलाय? काढा."
मी पाय मागे घेतला. ती हसली नाही.
"काढा म्हनलं की."
आणि माझी डावी चप्पल उजव्या तळहातावर घेऊन
वादी ताणून दाखवली:
"चामडं कुरकुरायच्या आत सोडायचं.
कुरकुरलं की त्यातला जीव गेला."

बाहेर बेचाळीस नंबर थांबला होता.
मी एका पायाने अनवाणी, थंडगार फरशीवर,
तिच्या एक्स-रेसमोर.
"तिसरा जाड का दिसतोय वं?"

सरांची खुर्ची रिकामी होती.
काहीही सांगता आलं असतं.
मी पाव फेऱ्यापासून सुरुवात केली.