नाव बदलू की चिन्ह

मये गावात तळ्याकडून वर चढलं
की गांवसांची भिंत लागते, लांबच लांब,
मधोमध नळाचा पाइप.
पाइपाच्या अलीकडे थोरला उमाकांत,
पलीकडे धाकटा शाणू.
थोरल्याच्या अर्ध्यावर समई, वर पात्रांवचं नाव.
धाकट्याच्या अर्ध्यावर होडी, वर डॉक्टरचं.
दोन्ही माझ्याच हातच्या.
समईला वेळ लागतो. पाच वाती, पिवळा दोनदा द्यावा लागतो.
होडी म्हणजे दोन फटकारे अन् खाली निळं.

भाऊ सहा वर्षं बोललेले नाहीत.
चवथीला या घरात एक माटोळी व्हायची,
आता दोन होतात, दोन्ही विरळ.
पदेर कायतान पाव द्यायला थांबतो तो बरोबर पाइपापाशी,
भोंपू दोनदा वाजवतो,
एकदाच वाजवला तर कुणासाठी वाजवला
यावरून तंटा.
नळ मात्र दोघांचा एकच.
पाणी मंगळवारी येतं.
म्हणजे यायचं.

मग एका रात्रीत पात्रांव होडीत जाऊन बसला.
नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती त्याने,
कपेलापुढे मेणबत्तीही लावली होती.
आठवड्याने डॉक्टर समईकडे गेला
(हा डॉक्टर कशाचा, कुणी विचारलं नाही,
पेशंट कुणी पाहिला नाही).

मी डबे घेऊन भिंतीपाशी आलो.
उमाकांतना विचारलं,
नाव बदलू की चिन्ह? दर एकच.
ते म्हणाले, समईला हात लावायचा नाही,
त्या हरामखोराचं नाव काढ.
शाणूला विचारलं.
तो म्हणाला, माणूस महत्त्वाचा रे,
डॉक्टर राहू दे, होडी पूस.

मी सांगितलं तसं केलं.
मला हिशेब कळतो,
पण हिशेब बोलून दाखवायचे पैसे कोण देतं?
संध्याकाळी उन्हं तिरपी झाली तेव्हा
पाइपाच्या दोन्ही बाजूंना
डॉक्टर आणि समई.
डॉक्टर आणि समई.
कायतान सायकलवरून उतरला, पाहिलं,
आणि त्या दिवशी त्याने भोंपू एकदाच वाजवला.

मला वाटलं, आता तरी.
कसलं काय.
सकाळी सातला शाणू माझ्या दारात:
दादा आहे तिथे मी नाही, माझं बदल.
दुपारी उमाकांत, छत्री टेकत:
तो आहे तिथे मी नाही.
दोघांनी आगाऊ पैसे दिले,
दोघांच्याही नोटा ओल्या, घामाने की कशाने.
मी घेतले. खोटं कशाला सांगू.

पण तेवढ्यात आचारसंहिता लागली.
मामलेदाराच्या ऑफिसातला पोरगा म्हणाला,
भिंती पांढऱ्या करा, आजच.
मी चुना कालवला.

चुन्याचं एक आहे, लावताना तो पाण्यासारखा असतो.
सुकेपर्यंत खालचं सगळं दिसतं.
तर ओल्या भिंतीत दिसत होते
डॉक्टर, त्यांच्याखाली पात्रांव,
त्याच्याखाली आणखी तिघे, ज्यांची चिन्हं मीही विसरलो होतो,
होडीच्या पोटात समई, समईच्या पोटात होडी,
आणि अगदी तळाशी, माझी नव्हेत अशी अक्षरं,
वेडीवाकडी, गेरूची:
हिरू गांवस आणि मुलगे, विटी-दांडूचा हिशेब,
दादा सतरा, शाणू एकोणीस.

दोघे आपापल्या अंगणातून बघत होते.
उमाकांत म्हणाले, हवेला म्हणाले,
एकोणीस नव्हते, सोळा होते.
शाणू काही बोलला नाही.
नळाची तोटी उघडून पाहिली, बंद केली.

अर्ध्या तासात चुना सुकला.

मतदानाच्या दिवशी शाळेतली बाई म्हणाली,
बोट पुढे करा.
माझ्या बोटावर निळा, पिवळा, चुना.
तिने थोडा वेळ शोधलं,
कुठे लावायची शाई ते.