तळपाय

पंचायतीचं अ‍ॅप कन्नड बोलतं.
पाया म्हणत नाही, तळपाय म्हणतं.
पहिल्या फोटोला मी यल्लूबाईला तसंच सांगितलं,
तळपायाचा फोटो पाहिजे,
तर तिनं चप्पल काढली
आणि चिऱ्यावर उभी राहून एक पाय वर केला.

भेगांत लाल माती. टाचेत जुना काटा, काळा पडलेला.
मागं चिऱ्यांची चौकट, बारा बाय वीस,
आत एक कोंबडी हिंडत होती,
खोली कुठली, सोपा कुठला, तिला सगळं सारखं.
मी तो फोटो काढला.
मग दुसरा काढला, साहेबांना पाठवायचा.

मी कंत्राटी माणूस. खानापूरच्या पश्चिमेला,
जिथं रेंज फक्त सातेरीच्या माळावर मिळते,
तिथल्या बावीस घरांचे फोटो माझ्याकडं.
घर नसलेल्यांच्या यादीत माझंही नाव आहे,
एक्केचाळीसावं,
बापाच्या नावात एक काना जास्त.

दुसरा हप्ता आला. भिंती खिडक्यांच्या वर गेल्या.
तिसरा येईना.
खानापूर म्हणायचं बेळगावला विचारा,
बेळगाव म्हणायचं बेंगळूरला,
बेंगळूरचा फोन नुसताच वाजायचा.
कल्लाप्पा गोव्याला गेला, पर्वरीत,
कुणाच्या तरी सातव्या मजल्याचं सेंट्रिंग बांधायला.
इकडं यल्लूबाईनं भिंतींवरून निळी ताडपत्री ओढली,
कोपऱ्यांवर दगड ठेवले, चूल मांडली,
पोरांची दप्तरं लिंटेलच्या सळईला टांगली.

अ‍ॅपात पुढचा टप्पा होता छावणी.
त्यांच्या भाषेत छप्पर.
तिला मी अर्थ सांगायला गेलो नाही.
आपल्या भाषेतला
तिनं आधीच बांधून ठेवला होता.

"रवळू, आत ये की रे, भायेर कशाला उभारलास?"
आत कुठून सुरू होतं ते शोधत
मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.

वर्षानं पत्रे चढले.

शेवटच्या फोटोला रंगवलेली भिंत लागते, पाटी लागते
आणि दार लागतं.
पाटी इराण्णानं लिहिली, पिवळ्यावर हिरवी,
वर योजना, मग खातं, मग साल.
यल्लूबाई ओळीओळीवरून बोट फिरवत गेली.
"ह्यातलं मी कुठलं?"
सगळ्यात खालचं, म्हटलं.
"एवढं गोल गोल हाय व्हय माझं नाव,"
आणि हसली, बोट तिथंच ठेवून.
रंग ओला होता. अजून तिथं एक अक्षर पुसट आहे.

दाराचे पैसे पत्र्यांत गेले होते.
सकाळी नऊला कल्लाप्पा आणि त्याचा मेव्हणा पुन्नाप्पा
नणंदेच्या घरचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून
रस्त्यानं घेऊन आले,
आजारी माणसाला नेतात तसं, आडवं, सांभाळून.
चौकटीत बसेना. दोन बोटं कमी.
मग कल्लाप्पाच आतून ते धरून उभा राहिला.

यल्लूबाई पुढं. पदर नीट. पायात नवी चप्पल.
स्क्रीनवर सगळं नियमात होतं,
फक्त दाराच्या कडेला चार बोटं,
बाइंडिंगच्या तारेनं सोललेली.

फोटो मोठा करून पाहिला. लहान केला.
माळावर चढलो.
बराच वेळ ते चाक गरगरत राहिलं,
मग हिरव्यात एक शब्द आला,
यशस्वी.
हा एक त्यांचा आणि आमचा सारखाच.

खाली दार परत निघालं होतं.
दोघांच्या मागं यल्लूबाई, मुठीत स्क्रू घेऊन,
झपाझप.
नणंदेच्या घरात शेळी शिरायच्या आत
पोचायचं होतं.