मध्यम खात्री

दहा महिने झाले, मी तुला वाचते आहे.
तार्तूची नदी गोठली, फुटली,
आता पुन्हा कडेकडेनं गोठायला लागली,
आणि मी अजून तुझ्या चौथ्या फाइलीत.

नाव माहीत नाही. सवयी पाठ झाल्या.
एक ते पावणेदोन तू जेवतोस
(किंवा जेवतेस; इथे सगळे 'तो' म्हणतात,
मीही सोयीसाठी).
शनिवारी काम नाही.
घाईत पुसायची राहून गेलेली फंक्शनांची नावं
अशी, की मागून येणाऱ्याला वाचता यावीत.
म्हणजे तुला कुणीतरी नीट शिकवलंय.
म्हणजे कुणीतरी तुझं काम तपासतं, शेरे मारतं.
एकट्या माथेफिरूचं हे काम नव्हे.
इथे महिन्याच्या महिन्याला पगार होतो.

गेल्या वर्षी अकरा मार्चला मात्र तू काही लिहिलं नाहीस.
बारालाही नाही.
तेराला लिहिलंस ते गबाळं:
एकच तपासणी दोनदा, दुसरी उलटी.
त्या ओळीपाशी मी एक अख्खी दुपार घालवली.
घरी कुणी आजारी होतं का?

जानेवारीत ती ओळ सीमेवरच्या गावात पोचली.
रात्रीचे साडेतीन, उणे तेवीस.
उष्णता-केंद्राची झडप मिटली
आणि पडद्यावर उघडीच दिसत राहिली.
झडप मिटवणं कुणालाही जमेल.
रात्रपाळीच्या माणसाला सगळं ठीक दाखवत
अकरा तास चहा पीत बसवणं,
ही तुझी कारागिरी.
बालवाडीच्या टाकीतले मासे
बर्फात तिरपे उभे राहिले.
त्यांचा फोटो मंत्र्यांच्या टेबलावर आहे.
मंत्री विचारतात: कोण?
त्यांना माणूस नको, झेंडा हवाय.
रंग सांगा, म्हणतात, पुढचं आम्ही बघतो.

पण तू शिरलास ती फट तुझी नव्हे.
झडपेच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे:
येईल तेवढं आत घे, मोजू नकोस.
शेजारी टिपण: नंतर बघू. हा. कु., सत्त्याण्णव.

हा. कु. म्हणजे हाइनो कुस्क.
मला हे वाचायला ज्यानं शिकवलं, तो.
रविवारी गेले. अंगणात मासे धुरावत बसला होता.
चष्मा घरात; कागद हात लांब करून वाचला.
"अक्षर माझंच," म्हणाला.
अक्षर कसलं, छापील कागद होता.
मग बराच वेळ लाकडं सारत राहिला.
"मोजायचं कुणाला, व्हिर्वे?
वायर भिंतीपाशी संपायची.
तेव्हा बाहेर नव्हतंच."

निघताना त्यानं वर्तमानपत्रात बांधून दिलेला मासा
अजून गाडीत आहे. काच उघडी ठेवून चालवते.

आणखी एक सापडलं.
सहा वर्षांपूर्वी आमच्याच कार्यालयात एक पत्र आलं होतं,
मोडक्या इंग्रजीत:
ही ओळ उघडी आहे, कुणी बघेल का?
तीन आठवड्यांनी पुन्हा: कुणी आहे का?
पोच दिल्याची नोंद आहे.
नोंदीपुढे आद्याक्षरं आहेत. माझी.
त्या आठवड्यात मी काय करत होते
ते आठवायचा खूप प्रयत्न केला.
काहीच करत नव्हते. गुरुवार होता.

तो तू होतास का?
नंतर दुसऱ्या कुणी तुला उत्तर दिलं का,
आणि टेबल, आणि जेवायची सुट्टी,
आणि मोकळा शनिवार?

अहवाल आज गेला.
देशाच्या नावापुढे लिहिलं: मध्यम खात्री.
हाइनोची ओळ पान नऊवर आहे,
पत्र पान दहावर, आद्याक्षरांसकट.
तुझं जेवण, तुझे शनिवार, सगळं परिशिष्टात.

अकरा मार्चचं लिहिलं नाही.