तिसरी चावी

दुधावर झाकण ठेवून गेले होते.
परतले, तर झाकण ओट्यावर.
करलकर म्हणाले, "नळ बघायला आलो होतो.
घर माझंच ना?"

करार अकरा महिन्यांचा. कलम नऊ:
लेखी परवानगीशिवाय कुलूप बदलू नये.
अर्ज दिला. तीन आठवडे "बघू" झालं,
मग कागदाच्या कोपऱ्यात एक नाराज सही.

मुस्तकीमने जुनं लॅच उपसलं.
दाराच्या भोकातून
कन्नमवार नगरचा जिना आत डोकावला.

नव्याच्या चाव्या तीन.
तिसरी पाकिटात, जोडावर माझी सही,
करलकरांच्या हातात:
"पाईप फुटला, आग लागली, तर फाडा.
एरवी बेल आहे."

जुनं लॅच स्क्रूंसकट तांदळाच्या डब्यामागे.
जाताना बसवून देईन.

आज दूध झाकायचं राहिलं.
नाईट ड्यूटीत आठवलं.
आठवलं, एवढंच.